बडोदं ते पावागड : पळत, थांबत, चढत

शुक्रवार

बडोद्यात राहून डोंगरातल्या शर्यतीची तयारी करायची तर उड्डाणपूल शोधावे लागतात. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आणि सगळीकडे सारखंच सपाट. डिसेंबर २०२२ मध्ये गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा अटल पूल खुला झाला, तेव्हा गाडीवाल्यांपेक्षा पळणाऱ्यांनाच जास्त आनंद झाला असावा. पहाटे त्या पुलावर चढ-उतार करायचा, एरवी कमाटीबागेत फेऱ्या मारायच्या, एवढ्या भांडवलावर आम्ही पावागडाला निघालो होतो.

बेत असा : शनिवारी बडोद्याच्या पूर्वेकडच्या वेशीपासून चांपानेरपर्यंत पाच जणांची रिले, ४५ किलोमीटर. रविवारी गडावर १८ किलोमीटरची ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरची शर्यत, ती मात्र ज्याची त्याने पळायची. आमचा संघ घरातलाच. दादा, वहिनी, त्यांची मुलगी म्हणजे माझी पुतणी, आमचा मामा आणि मी. मामा त्रेसष्टचा. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी मल्लखांब शिकलेला. प्रोफेसर माणिकरावांच्या गोष्टी ऐकून वाढलेला माणूस, त्यामुळे बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायच्या रांगेतही ताठ उभा. पुतणी विद्यापीठात शिकते, आमच्यात सगळ्यांत वेगवान, आणि ते तिला चांगलं माहीत आहे.

बिबबरोबर संघाला एक नारिंगी कापडी पट्टा मिळाला. काठी नाही, पट्टा. खांद्यावरून तिरका घालायचा आणि टप्पा संपला की पुढच्याच्या हातात द्यायचा. ही पद्धत जपानची. तिथे टप्प्याटप्प्याच्या लांब शर्यतीला एकिदेन म्हणतात. पहिली १९१७ मध्ये क्योतोहून तोक्योला झाली, ५०८ किलोमीटर, तीन दिवस. तिकडच्या मोठ्या शर्यतींतला एक कडक नियमही आमच्या आयोजकांनी उचलला होता : येणारा धावपटू ठरलेल्या वेळेत पोचला नाही, तर पुढच्याला थांबवून ठेवायचं नाही. त्याला वेगळा, पांढरा पट्टा देऊन सोडून द्यायचं. संघ बाद होत नाही, पण पट्टा तुटला तो तुटला.

रात्री जेवताना क्रमावरून वाद. दादाचं म्हणणं, सगळ्यांत वेगवान माणूस शेवटी. हे सगळेच करतात आणि मला ते कधीच पटलेलं नाही. शेवटी सगळं लुटलं गेलेलं असताना वेगवान माणूस काय वाचवणार? वेगवान पाय तिथे हवेत, जिथे टप्पा सगळ्यांत लांब आणि ऊन चढतं. शेवटी मामाने कागदावर लिहिलं : दादा, वहिनी, मामा, पुतणी, मी. जरोदपासून हालोलपर्यंतचा साडेदहा किलोमीटरचा टप्पा पुतणीला. तिने मान डोलावली आणि उतरायणचं, म्हणजे संक्रांतीचं, उरलेलं उंधियुं तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

उतरायण नुकतीच झालेली. त्यामुळे वहिनीने प्रत्येकाच्या पिशवीत गळपट्टा टाकला. बाहेरगावच्यांना हे नवल वाटतं, पण जानेवारीत इथे रस्त्यावर पळायचं तर गळा झाकायचाच. काच लावलेला मांजा विजेच्या तारेवरून, झाडावरून आडवा लोंबत असतो आणि अंधारात दिसत नाही. स्कूटरवाले या दिवसांत हँडलला तारेची कमान लावून फिरतात. पळणाऱ्याला कमान कुठे लावणार?

शनिवार

पहाटे पाचला सुरुवात. चौदा-पंधरा अंश, हवेत शेकोट्यांचा धूर. दादा हेडलॅम्प लावून अंधारात गेला आणि आम्ही चौघं ईको गाडीत बसलो. चालवणारे रमतगमत निघाले, वर आम्हालाच दिलासा, "शांती राखो, आपणे पहेलां पहोंची जशुं." पहिल्या बदलाच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा दादा यायला अवघी चार मिनिटं होती.

रिलेबद्दल जे वाचायला मिळतं ते सगळं पळण्याबद्दल असतं. प्रत्यक्षात रिले म्हणजे बहुतेक वेळ थांबणं. आपला टप्पा तासभराचा, बाकी चार-पाच तास गाडीत, रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीवर. आणि हे थांबणं साधं नाही. अंग गरम करून ठेवावं तर माणूस उशिरा येतो आणि पाय पुन्हा आखडतात. बसून राहावं तर तो अचानक वळणावर दिसतो. गाडीत चहा पिऊन थेट पळायला उतरलेल्याची पहिली दोन किलोमीटर बघावीत. पाय दुसऱ्याचे असल्यासारखे पडतात.

मार्ग हायवे टाळून आतल्या गावांतून होता. तरी कोटंबीच्या बाजूला नव्या क्रिकेट स्टेडियमचे दिवे लांबून दिसत राहिले. सातच्या सुमारास वहिनी आली. एरंडीच्या शेतांमधून सरळ रस्ता होता, त्यामुळे ती किलोमीटरभर आधीपासून दिसत होती. तेव्हा लक्षात आलं, की मी वहिनीला पळताना कधी नीट पाहिलेलंच नाही. वर्षानुवर्षं आम्ही एकत्र पळतो म्हणतो, पण एकत्र म्हणजे काय, एकाच वेळी एकाच बागेत. ती माझ्या मागे असते किंवा शेजारी असते. समोरून येताना वहिनी डावा हात अंगाशी धरून पळते आणि उजव्या हाताने हवा बाजूला सारते, हे मला आजच कळलं. "एकोणीस वर्षांत बघितलं नाहीस?" असं तिने म्हटल्यावर दादा गाडीत पाण्याची बाटली शोधायला गेला.

मामाचा टप्पा आठ किलोमीटरचा. आम्ही जरोदला जाऊन उभे राहिलो. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन इथे आहे. बडोद्याला पूर आला की त्यांच्या बोटी सगळ्यात आधी दिसतात, ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या सोसायटीतूनही फिरल्या होत्या. मामा तासाभरात येईल असा पुतणीचा हिशोब, सव्वा तास लागेल असा माझा. साडेसातनंतर एकेक संघ जायला लागले. लांबून प्रत्येक ठिपका मामाच वाटे. मग ठिपका वाकलेला दिसला की कळायचं, नाही. आमचा मामा वाकत नाही. शेवटी एक ठिपका असा आला, की जणू पाठीत सळई घातलेली. "ते आले, मामाआजोबा," पुतणी म्हणाली आणि पट्टा बदलायच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. आठ वाजून सतरा मिनिटं. मामाने पट्टा उतरवला, घडी केली (हो, घडी!) आणि दिला. तिने ती घडी मोडेपर्यंत पाच सेकंद गेली असतील. मामा म्हणाला, "दम लागला नाही. अजून आठ गेलो असतो." मग ईकोच्या पायरीवर बसला तो दहा मिनिटं उठलाच नाही.

हालोलच्या अलीकडे शेवटचा बदल होता. पुतणी सव्वानऊच्या आत येणार, कटऑफ साडेनऊ. मी पायांना हिसके देत चौकटीजवळ फिरत होते. सव्वानऊ झाले. नऊ वीस. मार्शलने यादीत बघून माझ्याकडे बघितलं. पंचविसाला दादा रस्त्यावर मागे चालत गेला, जणू तो गेल्याने ती लवकर येणार होती. नऊ एकोणतीसला मार्शलने पांढरा पट्टा माझ्या हातात दिला, म्हणाला, "बेन, तैयार रहेजो." मी म्हटलं, अजून एक मिनिट आहे. त्याने मिनिटभर खरंच वाट पाहिली आणि मग शिटी वाजवली.

तो पांढरा पट्टा घालून पळणं मला अजिबात आवडलं नाही. त्याला कुणाचा घाम नव्हता. मागे कोण कुठे पडलं आहे हे माहीत नाही, पुढे कुणाची वाट नाही, आणि तरी आठ किलोमीटर काढायचे. एकिदेनमध्ये जपानी पोरं याच कारणाने रडतात, असं मी वाचलं होतं आणि मला ते नाटकी वाटलं होतं.

डोंगर मात्र समोर होता. हालोल ओलांडल्यावर पावागड एकदम अंगावर येतो. सपाट मैदानात एकटाच उभा, आठशे मीटरच्या आसपास, वरती पायऱ्या कापल्यासारखे कडे. चांपानेरच्या अलीकडे एक जुनी विहीर लागते, सोळाव्या शतकातली. तिच्यात पायऱ्या भिंतीला धरून गोल गोल खाली जातात, जेमतेम सव्वा मीटर रुंद. शर्यतीत थांबायचं नसतं. मी थांबले, वाकून पाहिलं आणि पुन्हा निघाले. पट्टा तुटलाच होता, अर्ध्या मिनिटाने काय बिघडणार? वडा तलावाच्या काठावर शेवटची रेघ होती. तिथे मामा, वहिनी, दादा आणि गाडीच्या मागच्या सीटवर पाय वर करून पुतणी.

ती नऊ एक्केचाळीसला पोचली होती. मामाचा गेलेला वेळ भरून काढायला पहिली पाच किलोमीटर तिने जिवाच्या आकांताने मारली. मग बरगडीखाली कळ, मग पोटरीला गोळा, मग चालणं. उंधियाचं नाव घरात कुणी काढलं नाही. मामाने मात्र तिला विचारलं, "माझा वेळ गेला होता हे तुला कुणी सांगितलं? मी सांगितलेल्या वेळेला आलो." हिशोबाचा कागद काढून बघितला तर खरंच, मामाने स्वतःपुढे एक तास पंधरा मिनिटं लिहिली होती आणि तीन मिनिटं आधी आला होता. पुतणीने कागद वाचलाच नव्हता. नारिंगी पट्टा तिने संध्याकाळपर्यंत काढला नाही.

दुपारी झोप. मुक्काम चांपानेरच्या पायथ्याशी एका धर्मशाळेत. संध्याकाळी जामी मशिदीपर्यंत चालत गेलो, पाय मोकळे करायला. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने वीस महिने वेढा घालून १४८४ मध्ये हा गड घेतला आणि पायथ्याशी नवी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायून आला आणि राजधानी संपली. अर्धशतकाचं शहर. त्यामुळेच नंतरच्या बांधकामांखाली ते गाडलं गेलं नाही, आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. दादाला यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस. आपण बडोद्याचे लोक पावागड गायकवाडांचा समजतो, पण हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. पंचमहाल १८६१ पर्यंत त्यांच्याच ताब्यात. तो हे इतक्या अभिमानाने सांगतो, की वहिनीचं माहेर ग्वाल्हेरचं आहे हे ओळखायला वेळ लागत नाही.

रविवार

ट्रेलला साडेसहाला सोडलं. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून पुन्हा हेडलॅम्प. वहिनी आणि मामा आज प्रेक्षक, रोपवेने वर येणार होते. दादा, पुतणी आणि मी पळणारे.

रस्त्यावरचा पेस ट्रेलवर विसरावा लागतो. काल सहा मिनिटांत किलोमीटर काढणारा दादा आज अठरा मिनिटं घेत होता आणि तरी पुढच्या निम्म्यात होता. चढावर पळायचं नसतं हे नवख्यांना कळायला अर्धा डोंगर जातो. गुडघ्यावर हात दाबून लांब ढांगा टाकत चालणारा माणूस पळणाऱ्याला दर वळणावर गाठतो आणि त्याच्यापेक्षा निम्मा धापतो. आम्ही अटक दरवाजाच्या वाटेने चढलो. पायाखाली घसारा. सह्याद्रीत फिरलेल्याला इथला दगड वेगळा वाटतो. खाली तोच काळा बेसाल्ट, पण वर रायोलाइट, फिकट, तांबूस, फुटून कडा धारदार झालेला. बूट चांगले खोल नक्षीचे असले तरी सुटे तुकडे निसटतातच.

खुणेला आयोजकांनी झाडांना नारिंगी फिती बांधल्या होत्या. कल्पना उत्तम, महिना चुकीचा. उतरायणनंतर हालोल-चांपानेरच्या प्रत्येक बाभळीवर फाटके पतंग लटकत होते आणि त्यातले कितीतरी नारिंगी. पुतणी आणि तिच्या मागचे तिघे एका पतंगाच्या मागे लागून करवंदीच्या जाळीत शिरले. तिथून दुसरा पतंग दिसला, तिसरा दिसला, आणि मग एक शेळीवाला दिसला. त्याने हसून खालचा रस्ता दाखवला. तिचं म्हणणं, त्या वाटेने गेले नसते तर वर पहिल्या दहांत आले असते. असेल.

माचीला पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि यात्रेकरूंची गर्दी सुरू झाली होती. इथपर्यंत जीप-बस येते, इथूनच रोपवे, १९८६ पासून. रविवार असल्याने रांग आत्ताच वळसे घेत होती. पुढे पायऱ्या. दोन्ही बाजूंनी चुंदडी, श्रीफळ, खेळणी, भजियां. आमच्यासारख्या बिब लावलेल्या मंडळींना दुकानदार "जलदी, जलदी" म्हणून चिडवत होते. पुढे एक बाई कडेवर मूल, डोक्यावर पिशवी, पायांत काही नाही, अशा चढत होत्या. मी त्यांना मागे टाकलं, थांबून पाणी प्यायले, त्या पुढे गेल्या. पुन्हा मागे टाकलं, पुन्हा त्याच पुढे. चौथ्यांदा त्यांनीच विचारलं, "बेन, शेनी उतावळ छे?" उत्तर देण्याइतका श्वास नव्हता.

खाण्याचं सांगायला हवं. दुकानात मिळणारी जेलची पाकिटं मी घेत नाही. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या खिशात होत्या. साखर लगेच मिळते, तीळ पोटाला धरतो, आणि मीठ चिमूटभर आधीच घातलेलं. फक्त माकडांपासून जपावं लागतं. मौलियाच्या पठाराआधी एका लंगुराने शेजारच्या धावपटूच्या पट्ट्यातून केळं इतक्या सफाईने काढलं, की त्याला पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत पत्ताच नव्हता.

वळण दुधिया तलावाशी होतं. देवळात शर्यत नेलेली नव्हती, ते बरोबरच केलं. कालिकेच्या देवळाला नवं शिखर आहे आणि जून २०२२ मध्ये त्यावर ध्वज चढला. तो तलावावरूनही फडकताना दिसतो. मामा आणि वहिनी तिथे बसलेले. रांगेत दीड तास उभं राहून मामा माझ्या आधी दहा मिनिटं पोचला होता. त्याने दरीकडे बोट केलं : "ती बघ, विश्वामित्री." मला एक हिरवी घळ दिसली, पाण्याचा मागमूस नाही. बडोद्यात काळा घोड्याजवळच्या पुलावरून आम्ही रोज मगरी मोजतो ती नदी इथे उगम पावते, हे शाळेत पाठ केलं होतं. पण हिनेच आमच्या सोसायटीत कमरेपर्यंत पाणी आणलं, हे त्या घळीकडे बघून पटत नव्हतं. मामाने घड्याळ दाखवलं, तेव्हा मी निघाले.

उतार. शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती इथे, आणि उद्याच्या पायांचा निकालही इथेच लागतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन झेलतो आणि त्याचे बारीक तंतू दुखावतात. घाबरून मागे झुकावं तर टाच घसरते. किंचित पुढे झुकून, पावलं छोटी आणि पटापट, नजर तीन-चार दगड पुढे, असं जमलं तर उतार सोपा. दादाला हे जमतं. मला सात कमानीपर्यंत जमलं. तिथे कमानींतून खालचा प्रदेश इतका दूरवर उघडतो, की नजर दगडांवर राहत नाही. पुढे आयोजकांचा शेवटचा माणूस, जो सगळ्यांच्या मागून फिती सोडवत येतो, त्याचा आवाज वरून ऐकू आला आणि मी वेग घेतला. शेवटचं होण्याची लाज नव्हती, पण माझ्यामागे फिती निघताना बघायच्या नव्हत्या.

तीन तास अकरा मिनिटं. दादा अडीच तासांत. पुतणी, पतंगांसकट, दोन चाळीस.

हालोलला काठियावाडी हॉटेलात जेवलो : बाजरीचा रोटला, सेव-टमेटा, गूळ, आणि ताकाचे इतके ग्लास की वेटर जगच ठेवून गेला. रिलेचा निकाल फोनवर आला. आमचा संघ यादीच्या मधोमध, नावापुढे फुली. म्हणजे पट्टा तुटलेला. पुतणीने फोन उलटा ठेवला. मामाने तो पुन्हा सुलटा केला आणि प्रत्येकाच्या टप्प्याची वेळ वाचायला लागला. त्याच्या वयोगटात त्या टप्प्यावर त्याच्यापेक्षा वेगवान कुणी नव्हतं. त्या वयोगटात दुसरं कुणीच नव्हतं हे वहिनीने सांगितलं, पण त्याने ते मनावर घेतलं नाही.

सोमवार

विभागात दुसऱ्या मजल्यावर माझी खोली. चढताना काही नाही, उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी, आडवी. हे दुखणं उद्या, परवा वाढेल आणि मग ओसरेल. त्यावर औषध नाही, हळूहळू चालत राहायचं.

दुपारी दादाने घरच्या ग्रुपवर पुढच्या वर्षीचा क्रम टाकला. विचारलं कुणालाच नव्हतं. वहिनी पहिली, कारण अंधारात ती सगळ्यांत सावध. दादा दुसरा. मी तिसरी, जरोदपर्यंत. लांबचा टप्पा पुन्हा पुतणीलाच. शेवटचा मामाला, कारण टाळ्या वाजवायला माणसं तिथेच असतात आणि त्याने तसं स्पष्ट मागितलं होतं. पुतणीच्या नावापुढे कंसात : आदल्या रात्री फक्त खिचडी, कागद वाचून झोपणे.